शपथ माझ्या आवाजाची होती

चालणाऱ्या भाऊंवर लिहितोय म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, आता हा पहाटे उठण्याचे फायदे सांगणार, शेवटी भाऊ जाणार आणि आपण डोळे पुसणार. तसं काही नाही. भाऊ ठणठणीत आहेत, आणि पहाटे उठायला मलाही आवडत नाही.

भाऊ कुरवंड्याचे, रेल्वेतून रिटायर. एकेकाळी माझ्या टुरिस्ट गाडीत पुढच्या सीटवर बसले की गिअर टाकायला त्यांची परवानगी लागायची. वर्षभरात ते निम्मे झाले. कसे, विचारलं की म्हणायचे, "पोटाला इचारू नगं, पायाला इचार." या एका वाक्यावर गावातली वीस-पंचवीस माणसं रोज सकाळी त्यांच्यामागे डोंगराकडे चालायला लागली.

चालून झालं की टपरीवर भाऊ एक वडा घ्यायचे. अर्धा खायचे, अर्धा मला द्यायचे. लोक म्हणायचे, काय संयम आहे. खरं तर आत जागाच नव्हती. जठराची वरची छोटीशी पिशवी ठेवून आतडं तिला जोडायचं, बाकीचं जठर बाजूला, असं ऑपरेशन त्यांनी मुंबईला करून घेतलं होतं. नेणारा मीच. घरी सांगितलं, पित्ताशय काढलं. घाटात मला शपथ घातली, "तुज्या आवाजात ह्या आपरेशनचा शब्द कुटं ऐकू आला, तर माजं मेलेलं तोंड बघशील."

वजन भराभर उतरलं की पित्ताशयात खडे होतात म्हणे. भाऊंना झाले. त्यातला एक नळीत अडकला आणि भाऊ हळदीसारखे पिवळे पडले. चालणाऱ्यांपैकी तिघांना घेऊन आम्ही पुण्याला गेलो. सोनोग्राफी बघून डॉक्टर म्हणाले, "पित्ताशय काढलंय म्हणता, मग हे कुणाचं?"

तिघं मागेच उभे. भाऊ म्हणाले, "अर्धं काढलं असंल."

डॉक्टरांनी कागदावर प्रश्नचिन्ह काढलं. ठरलं, परवा तोंडातून दुर्बीण घालून खडा काढायचा.

येताना तिघं उतरल्यावर मी म्हणालो, "भाऊ, तुमचा आतला रस्ता वळवलाय. दुर्बीण भलतीकडं धडकली तर आतडं फाटंल. सांगा त्यांना."

"पंचवीस मानसं माज्यामागं चालत्यात. त्यास्नी काय सांगू, पोट कापून घेतलं?"

"तुम्हीच नसलात तर कुणामागं चालतील?"

"शपथ हाय तुला."

ते उतरले, पण त्यांचा फोन गाडीतच चार्जिंगला राहिला. तासाभरात वाजला. डॉक्टरच. "भाऊ, ते अर्धं पित्ताशय काही पटत नाही. आधी नेमकं कसलं ऑपरेशन झालंय?"

शपथ माझ्या आवाजाची होती. भाऊंच्या आवाजाबद्दल तीत काही नव्हतं, आणि तो मी आठवीपासून काढतोय. म्हणालो, "सायेब, पोटाचा बायपास झालाय. वजनासाठी." पुढे काय बोललो ते नीट आठवत नाही.

बेत बदलला. डॉक्टर म्हणाले, नेहमीची दुर्बीण तिथं पोचलीच नसती. सर्जनने पोटाला लहान छिद्र पाडलं, बाजूला पडलेल्या जठरातून दुर्बीण नेली आणि खडा काढला. पित्ताशयही काढलं. म्हणजे भाऊंचं तेवढं बोलणं शेवटी खरं झालं.

घरी आल्यावर सगळी चालणारी मंडळी भेटायला आली. भाऊंनी फोन काढला. त्यात सगळे कॉल रेकॉर्ड होतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सगळ्यांसमोर डॉक्टरांचा तो कॉल लावला आणि शेवटपर्यंत ऐकवला.

कुणीतरी म्हणालं, "म्हंजी चालून उतरत न्हाई व्हय?"

"तुजं सा किलो उतरलं न्हवं? तुजं कुनी कापलं?" भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"गाढवा, सांगितलंस ते सांगितलंस. पर माज्या आवाजात 'सायेब, वाचवा' कशापायी म्हनलास? आन् वर रडलास. डॉक्टर काय समजला असंल? रेल्वेत जलम गेला माजा, कवा रडलेलो बघितलंस? नक्कल करायची तर धड कर. उद्यापास्नं साडेपाचला यायचं, माज्यामागं चालायचं. आवाज नीट ऐकून घे."