आजाऱ्याच्या उशाशी बसणारा कवी

कवींना कविता चांदण्यात सुचते, नदीकाठी सुचते, प्रेमभंगात तर धो धो सुचते, असं जग म्हणत असेल. माझ्या वडिलांच्या सायकलदुकानवाल्या मित्राला मात्र ती फक्त आजारी माणसाच्या उशाशी सुचायची. राहात्यात त्यांना सगळे कवीकाका म्हणत. पंक्चर काढण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, आणि गेलेल्या माणसावर कविता करण्यातही. शोकसभेत शेवटी उठून कविता म्हणायचा मान त्यांचाच. पण माणूस गेल्यावर घाईघाईने काहीतरी खरडणं त्यांना पसंत नव्हतं. "चेहरा जिता असतानाच बघावा लागतो," ते म्हणायचे. त्यामुळे कुणी अंथरूण धरलं, की सायकलवर टांग मारून हे हजर! उशाशी बसून ते टक लावून बघत राहत, आणि मधेच ओठ पुटपुटू लागले की घरचे देव पाण्यात घालत. कवीकाकांना सुचलं म्हणजे माणूस आटोपला, अशी गावाची पक्की समजूत. उलट "काई सुचत न्हाई बुवा" म्हणत ते उठले, तर डॉक्टरच्या इंजेक्शनपेक्षा जास्त गुण यायचा. आमच्या शेजारच्या आजी तर काकांची सायकल दारात दिसताच ताडकन उठून जात्यावर बसल्या होत्या.

दुष्काळाच्या त्या वर्षी पेरूची बाग जगवता जगवता माझ्या वडिलांनाच मुदतीचा ताप भरला. काही केल्या उतरेना. काका आले तशी आई दारात आडवी आली.

"भावजी, पाया पडते, आत जाऊ नका. च्या घ्या अन् जावा."

"वहिनी, दोस्त हाय माझा," म्हणत काका आत शिरलेच.

वडिलांनी डोळे किलकिले केले. "काय रे, सुचतंय का काई?"

काकांनी आढ्याकडे पाहिलं, मान खाजवली आणि म्हणाले, "न्हाई बा. कवितेची एक वळ न्हाई."

आईने धावत जाऊन देवापुढे साखर ठेवली. वडील मात्र असे भडकले म्हणता! "त्या भांडकुदळ तलाठ्यावर बारा कडवी केलीस, अन् माझ्यावर एक वळ न्हाई? जल्मभर माझ्या बागेतलं पेरू खाल्लंस की रं!" संतापाच्या भरात उठून बसले आणि पेज मागितली. मग रोज काका यायचे, शिव्या खायचे, "न्हाई सुचत" म्हणून जायचे. ताप उतरला.

पुढे एकदा दुकानात चाकात हवा भरून घेताना मी विचारलंच, "काका, खरंच काही सुचलं नव्हतं?"

पंप थांबला. "पैल्याच दिशी चार कडवी आली हुती. तसली कविता जल्मात झाली न्हाई पोरी. हाकलली तर पुन्हा यायची. सायकल हानत पार कालव्यापत्तुर जायचो, तिथंबी यायची. तोंडातनं बाहेर पडू दिली न्हाई, बास. बापाला सांगू नको, उगं फुगंल." आणि पुन्हा खाली वाकून पंप मारू लागले.

मी सांगितलं नाही. दोन वर्षांनी काका गेले, तेही दुकानात बसल्या जागी, कुणाला उशाशी बसायची संधी न देता. शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. भाषणं संपली, आणि आता कविता कोण म्हणणार म्हणून सगळे इकडेतिकडे बघू लागले. शेवटी नजरा वडिलांकडे वळल्या. ते उठले. टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली.

"मला काई सुचत न्हाई," म्हणाले आणि खाली बसले.

आम्ही घरी आलो. आईने पाय धुतले, सरळ देवघरात गेली आणि देवापुढे साखर ठेवली.

"आज कशाची गं साखर?" वडील खेकसले.

"सुचलं न्हाई म्हनालात ना तुमी," आई म्हणाली.

वडील तिच्याकडे बघत राहिले, आणि मग उंबऱ्यातच बसून लहान पोरासारखे रडले.