स्क्रोल लॉकचा दिवा आणि आमचे तज्ज्ञ

मंडळी, आज कुंभकोणममध्ये मला एका तज्ज्ञाचं दर्शन घडलं. बोलणं सगळं तमिळमध्ये झालं, तुमच्यासाठी मराठीत लिहिते.

मी काम करते त्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रेवतीअक्का टेक्निशियन आहेत. त्यांना ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ वाचून त्या समजून घेतात. तातडीचा नमुना आला की आमचा कॉम्प्युटर फक्त बीप वाजवतो. आज सकाळी अक्का एकट्याच असताना पट्टीश्वरमच्या एका बाळंतिणीचा नमुना त्यामुळे अर्धा तास तसाच पडून राहिला.

मालकांनी सॉफ्टवेअरवाल्याला बोलावून विचारलं, बीपऐवजी एखादा दिवा लावता येईल का. स्वारीने खुर्चीत रेलूनच निकाल दिला, "दिव्याची सोय होत नाही. या बाईंना दुसरं काम द्या."

अक्का समोरच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

मी टर्मिनल उघडून एका ओळीची कमांड दिली. कीबोर्डवरचा स्क्रोल लॉकचा दिवा, ज्याचा कुणाला काही उपयोग नसतो, तो पेटला. मग तातडीची नोंद झाली की तो लुकलुकत राहील, अशी छोटी स्क्रिप्ट बसवली. दुपारी पुढचा नमुना आला, तेव्हा सगळ्यांच्या आधी अक्का उठल्या.

अजून तिथेच बसलेले सॉफ्टवेअरवाले साहेब म्हणाले, "हे काही प्रोफेशनल नाही."

अक्का त्यांना शांतपणे म्हणाल्या, "मला दुसरं काम नको."

साहेबांनी बॅग उचलली. यांना एक दिवा लावता येत नाही, पण माणसाला कामावरून हलवायला एक क्षण पुरतो. तुमच्या ऑफिसात असे किती आहेत?