निवळलेला चंबू

महाविद्यालयाच्या स्मरणिकेत छापले आहे की प्रयोगशाळेची फरशी ओली होती, साहाय्यकाचा पाय घसरला आणि त्याचा हात भाजला. साफ खोटे. साहाय्यकाच्या गावी, भनपुरीला, त्याच्या पाऱ्यात म्हणजे वस्तीत वेगळेच सांगतात: मी रागाने आम्ल त्याच्या अंगावर फेकले. तेही खोटे. खोलीत आम्ही दोघेच होतो आणि माझी स्मृती शाबूत आहे.

गंधकाच्या उकळत्या झऱ्यातले आर्किया हे अतिसूक्ष्म जीव मी ऐंशी अंश तापलेल्या आम्लात वाढवीत असे. ते जिवंत असले की चंबू गढूळ दिसतो. मेले की निवळतो. निवळलेला चंबू मोरीत ओतून घासून ठेवायचा, ही शिस्त साहाय्यकाला मीच लावली होती. त्या आठवड्यात मात्र एका चंबूत मी झऱ्याचे गाळलेले पाणी घातले होते. त्यात विषाणू असावा, असा माझा कयास होता. असा विषाणू पेशीत शिरून वाढतो, आतून तिच्या आवरणावर टोकदार सुळके उभारतो. ते उकलले की पेशी फाटते. त्या कत्तलीची डोळ्यांना दिसणारी खूण एकच, चंबू निवळणे. हे मी साहाय्यकाला सांगितले नव्हते.

सकाळी आत शिरलो, तर तो चिमट्यात धरून तोच चंबू ओतत होता.

"थांब, गाढवा!"

"मेलं न सर हे! काहून ठेवता?"

मी एका हाताने चिमटा हिसकला, दुसऱ्याने त्याला ढकलले. जळते आम्ल त्याच्या कोपरापर्यंत सांडले. तो गुरासारखा ओरडला. तळाशी चमचाभर उरले होते. मी आधी चंबूला बूच लावले, मग नळ सोडला. तेवढ्यात त्याच्या मनगटाची कातडी सुटून लोंबू लागली होती.

उरलेले मी एका ताज्या, गढूळ चंबूत मिसळले. तिसऱ्या दिवशी तोही निवळला. हात गळ्यात बांधून साहाय्यक आला, तेव्हा मी चंबू उजेडात धरला.

"पाहा, विषाणूच आहे."

"हव सर. तुमच्यासारखाच मारकुटा आहे." मग म्हणाला, "वहीत माह्या हाताचं बी लिहा."

लिहिले असते तर चौकशी बसली असती, प्रयोगशाळेला कुलूप लागले असते. मी "लिहितो" म्हणालो, आणि त्याच्यादेखत चंबू निवळल्याची वेळ लिहिली.