लाल पाठीची पुस्तकं

सोलापुरातल्या आमच्या वाचनालयात चार लिप्यांची पुस्तकं आहेत आणि मला वाचता येते फक्त मराठी. म्हणून मी पुस्तकांच्या पाठीवर चादरीच्या कापडाचे तुकडे चिकटवते. तेलुगूला लाल, कन्नडला पिवळा, उर्दूला हिरवा.

नवं सॉफ्टवेअर शिकवणारे साहेब ऑनलाइन वर्गात देशोदेशीच्या ग्रंथपालांसमोर म्हणाले, "मॅडम, आता या चिंध्यांची गरज नाही." तेवढ्यात पडद्यावर तेलुगू नावांच्या जागी नुसते चौकोन उमटले. मी लॅपटॉप कपाटांकडे वळवला.

नैरोबीच्या ग्रंथपालबाईंनी लगेच विचारलं, "कशानं चिकटवता?"

"चिंचोक्याच्या खळीनं."

परवा त्यांनी फोटो पाठवला. त्यांना न वाचता येणारी गुजराती पुस्तकं, ओळीनं लाल पाठीची.

साहेबांना मी तो मुद्दाम रंगीत छापून पाठवला.