सांगलीच्या स्टँडसमोर वाजलेलं गाणं

तो सिनेमा मी कराडला अकरा वेळा पाहिला, आणि दर वेळी एका गाण्यापुरताच. मलकापुरातून चालत जायचो आणि गाणं संपलं की उठून बाहेर यायचो. कॉलेजचं दुसरं वर्ष त्यातच बुडालं. गाणं तसं साधंच होतं. तिसऱ्या कडव्याच्या आधी गाणारी श्वास घ्यायची, तो ऐकू यायचा. तेवढ्यानं अंगावर काटा यायचा, आणि लगेच वाटायचं, अजून एकदा. थेटरातून सिनेमा उतरला तेव्हा मला चार दिवस जेवण गोड लागलं नाही.

माझ्या मोठ्या बहिणीला, आक्काला, जतकडच्या एका गावात दिलं होतं. दाजी मारायचे. त्या उन्हाळ्यात तिचं पत्र आलं. बाजारच्या दिवशी घरातली सगळी जतला जातात, तेव्हा मी ट्रंक घेऊन फाट्यावर येते, तू दुपारच्या गाडीनं ये, तीच गाडी माघारी फिरते, तिनंच निघू. वडील नव्हते. आईनं मला पाठवलं.

सांगलीला गाडी बदलायची होती. थोडा वेळ हातात होता म्हणून स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरलो. तिथं गिऱ्हाइकांच्या पसंतीच्या रेकॉर्डी लावायचे. मी गल्ल्यावरच्या माणसाला त्या गाण्याचं विचारलं.

"हाय की," तो म्हणाला. "पण आदी ह्यांच्या दोन हायत."

त्या दोन झाल्या आणि माझं गाणं लागलं. समोर आक्काच्या गावची गाडी उभी होती, मला टेबलावरून दिसत होती. कंडक्टरनं घंटी मारली. तिसरं कडवं यायचं होतं. मी उठलो नाही.

त्या गावाला दिवसातून ती एकच गाडी. दुसऱ्या दिवशी पोचलो तर दारातच दाजी बसले होते.

"काल फाट्यावर घावली," ते म्हणाले. "ट्रंक घिऊन हुबी हुती. आता कुटं जात न्हाई ती."

आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिचा ओठ सुजला होता.

"काल का न्हाई आलास रं?"

"एसटी चुकली."

"मी लय येळ हुते. दिस मावळंपातूर."

"पानी पी आन् नीघ," दाजी म्हणाले.

तिचा हात धरून निघायला हवं होतं. मी त्यांना भ्यालो. पाणी प्यायलो आणि निघालो. येताना सांगलीला पुन्हा त्याच हॉटेलात बसलो, पुन्हा तेच गाणं लावायला सांगितलं. स्वतःची शिसारी आली, तरी शेवटपर्यंत ऐकलं.

आक्काचं पत्र त्यानंतर आलं नाही. आई मरेपर्यंत एसटीला शिव्या देत राहिली, मी ऐकून घेत राहिलो. आईच्या दहाव्याला आक्का आली. केस पांढरे झाले होते. आज खरं सांगून टाकायचं असं ठरवलं होतं, पण दाजी तिच्याजवळून हलले नाहीत. माघारी गाडी किती वाजता आहे, एवढंच तिनं मला विचारलं. मी सांगितलं.