अक्कांची विहीर

ओल्या गंजाचा वास आला की मला शेजारच्या अक्कांची विहीर आठवते. धारवाडातल्या आमच्या अख्ख्या गल्लीचा चहा त्या विहिरीच्या गोड पाण्यावर व्हायचा. पावसाचं पाणी जिरवायला मी अक्कांच्या आणि माझ्या मधल्या कुंपणाशी मोठा खड्डा खणला आणि तो भरायला, अतिशहाणाच मी, एका बंद पडलेल्या खाणीच्या ढिगातले टाकाऊ दगड ट्रकभर आणले. दगड सोन्यासारखे चमकत होते; ती चमक लोखंड-गंधकाची, पाण्याला आंबट करणारी, हे मला कुठे ठाऊक! येईल त्याला मी ते मिरवून दाखवले. पहिल्याच पावसाळ्यानंतर अक्का तांबूस पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. "अण्णा, वास घेऊन बघा. जीभ लावली तर आंबट लागतंय." "बरं झालं अक्का, ताक घुसळायला नको," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. "अय्यो, तुमच्या दगडांतून झिरपलंय हे. माझ्या सासूबाईंनी खणून घेतलेली विहीर हो ही." मी कुदळ घेऊन खड्ड्याकडे गेलो. दगड सगळे उपसून काढले, पण मुरलेलं पाणी काही उपसता येईना. अजूनही रोज सकाळी रहाट कुरकुरतो. अक्का बादली वर ओढतात, पाण्याचा वास घेतात. तेवढा वेळ मी कुंपणाअलीकडे श्वास रोखून थांबतो, आणि मग पाणी ओतून दिल्याचा आवाज येतो.