चाचांच्या कांगडीवरचे बूट

गुलमर्गला स्कीइंग झाल्यावर भूक इतकी लागली होती की भाड्याचे अवजड बूट न बदलताच आम्ही हॉटेलात शिरलो. शेगडीजवळ बसून राजमा-भात खाल्ला, वर केशर घातलेला कहावा प्यायलो. काचेपलीकडे बर्फात आमचे वाटाडे चाचा उभे होते. निखाऱ्यांची कांगडी त्यांच्या फेरनच्या, त्या लांब लोकरी झग्याच्या, आत होती, पण तिच्या उबेला होते ते मी त्यांच्याकडे ठेवलेले माझे रोजचे बूट. त्यांचे हात बाहेर, आमच्या स्कीज सांभाळत.

"त्यांना आत बोलवू या का?" बायकोने विचारलं.

"अगं, त्यांना सवय असते."

दुसऱ्याच्या अंगावर घालायला सवयीइतकं सोयीचं पांघरूण नाही. मी आणखी एक कहावा मागवला.

बाहेर आल्यावर चाचांनी भाड्याचे बूट काढून, वाकून माझ्या पायांत माझे बूट चढवले. त्यांची बोटं वळत नव्हती.

"डावा जरा गारच राहिलाय," मी म्हणालो.